मधल्या मँगनीजचं पोलाद आणि आपल्या भट्ट्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सळईची जाहिरात नाही असा आठवडा जात नाही, आणि त्यात वावगं काही नाही, जालना शेजारी आहे, तिथल्या रोलिंग मिलांवर किती घरं चालतात हे आपल्याला माहितीय. पण त्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात एकच गोष्ट असते, मजबूत. कुणी पैलवान उभा करतं, कुणी हत्ती, आणि मग आमच्या कॉलनीत घर बांधणारा प्रत्येक जण मला विचारतो की तुम्ही लोखंडातले आहात, सांगा बरं सगळ्यात मजबूत सळई कोणती. मी वाळूजच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमधी बरीच वर्षं काढलीत, आता लॅब बघतो, आणि मला हा प्रश्नच अर्धा वाटतो. मजबूत किती हे विचारलं तर तुटायच्या आधी ताणते किती हेही विचारा ना. काच पण मजबूत असते, दाबून बघा. पत्र खरं तर मधल्या मँगनीजच्या पोलादावर आणि आपल्या भट्ट्यांवर आहे, पण सुरुवात सळईपासूनच करतो.

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, आयएस १७८६ मधी, म्हणजे सळईच्या भारतीय मानकात, दोन्ही आकडे दिलेले आहेत. एफई ५०० ग्रेडची सळई तुटायच्या आधी कमीत कमी १४.५ टक्के लांबली पाहिजे, ५०० डी असेल तर १६ टक्के, म्हणजे त्या डी साठी जे जास्तीचे पैसे मोजता ते ताकदीचे नसून मुख्यतः ताणायचे आणि रसायन साफ ठेवायचे असतात, गंधक फॉस्फरस कमी ठेवायचे. जाहिरातीत हा १६ चा आकडा मी क्वचितच बघितलाय. आपल्या भागात तर हे जास्त कळायला पाहिजे, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते विसरणारा माणूस लातूर-धाराशिवकडं सापडायचा नाही. तिथली घरं दगड-मातीची होती, त्यात सळयाच नव्हत्या, म्हणून त्या दिवसाचा दोष पोलादावर टाकता येत नाही, पण त्यानंतर आपण सगळे सिमेंट-सळईकडं वळलो आणि भूकंपात सळईचं काम मोडणं नसून वाकत राहणं आहे, हे मात्र कुणी आपल्याला नीट समजावून सांगितलं नाही.

बरं, बाजारात जिला टीएमटी सळई म्हणतात ती तरी काय, ती पण हीट ट्रीटमेंटच आहे, म्हणजे तापवून-थंड करून पोलादाचा गुण बदलणं. लालभडक सळई रोलिंगच्या शेवटच्या स्टँडमधून निघाली की पाण्याच्या बॉक्समधून जाते, वरची साल झटक्यात थंड होऊन कडक मार्टेन्साइट बनते, आतला गाभा अजून तापलेला असतो, तिथली उष्णता बाहेर येऊन त्याच सालीला टेम्पर करते, म्हणजे जरा शेकून चिवट करते, आणि कूलिंग बेडवर पडल्यावर गाभा मऊ राहतो. सळई कापून तोंड पॉलिश करा, नायटल (पातळ ॲसिड) लावा, बाहेरची काळपट रिंग साध्या डोळ्यांनी दिसते. रिंग एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असेल तर समजायचं की बॉक्समधी पाणी नीट लागलं नाही. म्हणजे रसायन तेच, कारखाना तोच, पण पाण्याच्या प्रेशरनं माल बदलतो. मला ह्या पत्रात जे सांगायचंय ते ह्याच वळणावरचं आहे, फक्त ते सळईच्या लई पुढचं आहे, म्हणून जरा सांभाळून घ्या.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर पोलादावर काम करणाऱ्या लोकांनी एका प्रकाराच्या मागं हात धुऊन लागायचं ठरवलंय, मीडियम मँगनीज स्टील. मँगनीज आपल्याला नवीन नाही. साध्या पोलादात ते अर्धा टक्का ते दीड टक्का असतंच, गंधकाला बांधून ठेवतं, थोडी ताकद देतं. दुसऱ्या टोकाला १२-१३ टक्केवालं, ज्याला क्रशरवाले नुसतंच मँगनीज म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं ते १८८२ साली काढलं. आपल्या खडी क्रशरच्या जॉ प्लेटा त्याच्याच असतात, काळा पाषाण खाऊन खाऊन त्या अजून कडक होत जातात, रेल्वेच्या रुळांचं क्रॉसिंगही त्याचंच ओतलेलं असतं. भंगारवाले ते ओळखतात कसं, तर मॅग्नेट लावून, चिकटत नाही. कारण ते सगळं ऑस्टेनाइट असतं, म्हणजे लोखंडाच्या अणूंची एक वेगळी रचना जी साध्या पोलादात फक्त तापल्यावर असते, आणि ऑस्टेनाइटला चुंबक धरत नाही.

आता ह्या दोन टोकांच्या मधी, म्हणजे साधारण ३ ते १२ टक्के, बराच काळ कुणी फार फिरकलं नाही. कारण हॅडफिल्डलाच दिसलं होतं की त्या पट्ट्यातलं पोलाद भलतंच ठिसूळ निघतं. त्यामुळं पुस्तकात ते सोडून द्यायचा प्रदेश म्हणून राहिलं. १९७२ मधी मिलर नावाच्या अमेरिकन संशोधकानं ५.७ टक्के मँगनीज आणि साधारण ०.११ टक्के कार्बनचं पोलाद घेऊन ते एका विशिष्ट टेंपरेचरला बराच वेळ शेकलं, तर त्यात एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतले बारीक कण तयार झाले आणि ते पोलाद मजबूतही झालं आणि ताणायलाही लागलं. त्यावर बरीच वर्षं फारसं कुणी बोललं नाही. मग गाड्या हलक्या करायच्या, पेट्रोल वाचवायचं आणि ॲक्सिडेंटमधी माणूस पण वाचवायचा असा प्रश्न मोठा झाला तेव्हा सगळ्यांना ते जुनं काम आठवलं.

गाडीवाल्यांचं गणित सोपं आहे. ताकद मेगापास्कलमधी घ्यायची, लांबणं टक्क्यात घ्यायचं आणि दोघांचा गुणाकार करायचा. ७८० मेगापास्कलचं ड्युअल फेज (मऊ-कडक मिश्रणाचं) पत्रं १५ ते २० टक्के ताणतं, गुणाकार १२ ते १५ हजारांच्या आसपास. मग २० ते ३० टक्के मँगनीजवालं पोलाद आलं, त्याचा गुणाकार ५०-६० हजारापर्यंत जातो, पण ते ओतायला अवघड, वेल्डिंगला अवघड, आणि किमतीचं तर बोलूच नका. म्हणून ह्या दोघांच्या मधलं, ३० हजाराच्या वर जाणारं आणि परवडणारं, अशी तिसरी पिढी पाहिजे होती. १००० मेगापास्कल ताकद आणि ३० टक्के लांबणं, करा गुणाकार. मीडियम मँगनीज तिथं बसतं.

कसं बसतं ते सांगतो आणि माझ्या मते सगळी मजा इथंच आहे.

५-७ टक्के मँगनीजचं पोलाद गरम रोल करून नुसतं हवेत सोडलं तरी मार्टेन्साइट होतं. पाणी नको, तेल नको. (आपल्या मराठवाड्यात जिथं मार्चपासून टँकर मोजायची वेळ येते तिथं पाण्याशिवाय हार्डनिंग म्हणलं की माझे कान टवकारतात, पण ते जाऊ द्या.) मग हे कडक झालेलं पोलाद परत भट्टीत टाकायचं, पण पूर्ण तापवायचं नाही. साधं हार्डनिंग करताना आपण ८५०-९०० ला नेतो जिथं सगळं ऑस्टेनाइट होतं. इथं फक्त ६०० ते ७०० च्या आसपास न्यायचं, जिथं थोडं फेराइट (थंड पोलादातली साधी मऊ रचना) आणि थोडं ऑस्टेनाइट अशी दोन्ही शेजारी शेजारी राहतात, आणि तिथं धरून ठेवायचं. ह्याला इंटरक्रिटिकल ॲनिलिंग म्हणतात. धरून ठेवलं की मार्टेन्साइटच्या बारीक पट्ट्यांच्या कडेला ऑस्टेनाइटचे कण फुटायला लागतात, आणि पोलादात जो कार्बन आणि मँगनीज सगळीकडं पसरलेला असतो तो फेराइट सोडून ह्या नव्या ऑस्टेनाइटकडं सरकायला लागतो, कारण त्याला तिथं जास्त करमतं. कार्बन हलका, पटकन पळतो. मँगनीज मात्र जड पावलाचा गडी, ६५० अंशाला तासाभरात फेराइटमधून मायक्रॉनचा एखादा हिस्सा सरकतो तेवढाच, आणि ऑस्टेनाइटच्या आत तर त्याहून शेकडो पट हळू. म्हणून तर कण मुळातच बारीक असायला लागतात, म्हणजे त्याला जायला लांब जायची गरजच पडत नाही. शेवटी होतं असं की ५ टक्के मँगनीजच्या पोलादात ऑस्टेनाइटच्या कणात त्याच्या दीडपट-दुप्पट मँगनीज गोळा होतं, आणि तेवढं मँगनीज पोटात असलं की थंड केल्यावर पण ते ऑस्टेनाइटच राहतं, मार्टेन्साइट होत नाही. खोलीच्या टेंपरेचरला ३० टक्के, कधी ४० टक्के ऑस्टेनाइट उरतं, बाकी मऊ फेराइट, आणि सगळे कण एक मायक्रॉनच्या आतबाहेर. साध्या स्ट्रक्चरल पोलादात कण दहा-वीस मायक्रॉनचे असतात, त्यावरून बघा किती बारीक.

आता हे उरलेलं ऑस्टेनाइट करतं काय. पत्रं प्रेसमधी ओढलं किंवा गाडी ठोकली की ताण पडतो, आणि तो ताण पडला की ऑस्टेनाइटचे कण एकेक करून मार्टेन्साइट व्हायला लागतात, म्हणजे जिथं पत्रं पातळ होऊन फाटायला आलंय नेमकं तिथंच ते कडक होतं आणि ताण शेजारच्या भागावर ढकलतं. ह्याला ट्रिप म्हणतात, अमेरिकेत बर्कलीच्या झॅके आणि त्यांच्या साथीदारांनी १९६७ मधी मांडलेली गोष्ट. पण अट एकच, सगळे कण एकदम बदलायला नकोत. शेततळ्यातलं पाणी फेब्रुवारीतच मोकळं सोडलं तर मोसंबीची बाग एप्रिलमधी वाळते, थोडं थोडं सोडलं तर पाऊस गाठता येतो, हे जालन्याच्या बागायतदाराला शिकवावं लागत नाही. ऑस्टेनाइटचं तसंच आहे, काही कण लवकर बदलणारे, काही हट्टी, असे मिसळून पाहिजेत. सगळेच कच्चे असतील तर पहिल्या झटक्यात संपतात, सगळेच पक्के असतील तर बदलतच नाहीत आणि त्यांचा उपयोग शून्य.

आणि हे कच्चे-पक्के कोण ठरवतं, तर भट्टी. टेंपरेचर कमी पडलं तर ऑस्टेनाइट थोडंच तयार होतं आणि कार्बन कार्बाइडमधीच, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कडक संयुगात, अडकून बसतो. टेंपरेचर जास्त झालं तर ऑस्टेनाइट भरपूर होतं, पण तोच मँगनीज आता जास्त जणांत वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो, कणही मोठे होतात, आणि थंड होताना ते परत मार्टेन्साइट होऊन बसतं. ताकदीचा आकडा बघाल तर उलट वाढलेला दिसेल! रॉकवेल मशीनवर हार्डनेस मस्त येईल, आणि पार्ट वाकवला की कट्. ह्या दोन्हीच्या मधली जी चांगली जागा आहे ती कधी कधी २०-३० अंशाचीच असते. म्हणून म्हणतो की नुसतं हार्डनेस बघून माल पास करायची जी आपली सवय आहे ती ह्या पोलादात चालायची नाही, इथं ऑस्टेनाइट किती उरलं ते मोजावं लागतं, एक्स-रे डिफ्रॅक्शननं किंवा चुंबकीय पद्धतीनं. मॅग्नेटवाल्या भंगारवाल्याची युक्ती तीच, फक्त आकड्यात.

इथं मिश्रण करणाऱ्यांनी एक डोकं लावलं, ॲल्युमिनियम घातलं, एक-दोन टक्के, कधी जास्त. त्यानं फेराइट-ऑस्टेनाइट दोन्ही राहतात ती टेंपरेचरची पट्टी रुंद होते आणि वर सरकते, म्हणजे टेंपरेचर दहा अंश इकडं तिकडं झालं तरी माल हातचा जात नाही, आणि वरच्या टेंपरेचरला मँगनीज पण जरा पटपट सरकतो म्हणून तासांचं काम मिनिटांत होऊ शकतं, कंटिन्यूअस लाइनवर बसू शकतं. सिलिकॉन पण घालतात, कार्बाइड होऊ नये म्हणून. पण ॲल्युमिनियमचं दुखणं कास्टिंगला निघतं, नोझल चोक होतो, मोल्ड पावडरमधल्या सिलिकाशी त्याची रिॲक्शन होते, तिथले लोक डोक्याला हात लावतात. फुकट काही मिळत नाही.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग बसलेत कशाला, सुरू करा की. तर काही गोष्टी आहेत ज्या बातमीत कधी येत नाहीत. २०१७ मधी हाँगकाँगच्या लोकांनी १० टक्के मँगनीजच्या पोलादात २.२ गिगापास्कल (म्हणजे २२०० मेगापास्कल) यील्ड, म्हणजे कायमचं वाकायच्या आधीची ताकद, आणि १६ टक्के एकसारखं लांबणं दाखवलं, ‘सायन्स’ मधी छापून आलं. काम जबरदस्त आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यात गरम रोलिंग, मधल्या टेंपरेचरला रोलिंग, ॲनिलिंग, थंड रोलिंग, मग पार्टिशनिंग (कार्बन ऑस्टेनाइटकडं सरकवणं) अशी सगळी वरात आहे, आणि लॅबमधली पट्टी आणि २० टनाची कॉइल ह्यात फार अंतर असतं. फॉरवर्ड करणारे मात्र फक्त आकडा बघतात.

बारीक कणांचं एक दुखणं असं की ताण पडताना पत्रं सगळीकडं सारखं ताणत नाही, पट्टे पट्टे उठतात, ल्यूडर्स बँड म्हणतात त्याला. प्रेस शॉपमधी हे पट्टे बघितलेल्या माणसाला मी काय बोलतोय ते लगेच कळेल, पेंट मारल्यावर पण लपत नाहीत, आणि बाहेरच्या पॅनलला असा पार्ट गेला की कस्टमर परत पाठवतोच. आतल्या पार्टला, जसं बी पिलर (दोन दारांमधला खांब) किंवा सीटचा सांगाडा, चालून जातं. दुसरं, झिंकचं कोटिंग नीट बसत नाही कारण ॲनिलिंग करतानाच मँगनीजचा ऑक्साइड वर येऊन बसतो. तिसरं हायड्रोजन, ताण पडल्यावर जे नवीन मार्टेन्साइट होतं त्याला हायड्रोजनची बाधा लवकर होते.

पण आम्हा शॉपवाल्यांनी सगळ्यात जास्त घाबरायचं ते ४५० अंशाला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला माक्स प्लांक संस्था आहे लोखंडावर काम करणारी, तिथल्या लोकांनी २०१५ मधी ९ टक्के मँगनीजवालं पोलाद घेऊन दाखवलं की ४५० ला टेम्पर केलं की मँगनीज जुन्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि ती सीमाच कमकुवत करतो, मग दणका बसला की पोलाद त्या सीमेवरूनच फाटतं. हॅडफिल्डच्या काळापासून ज्या ठिसूळपणामुळं लोक ह्या प्रदेशात जात नव्हते त्यातला मोठा भाग हाच असावा असं मला वाटतं. आणि गंमत बघा, तेच पोलाद त्याच टेंपरेचरला लई जास्त वेळ ठेवलं, किंवा सरळ ६०० ला नेलं, तर त्याच सीमेवर ऑस्टेनाइट तयार होतं, जमा झालेलं मँगनीज ते पिऊन टाकतं आणि पोलाद परत चिवट होतं. थोडासा बोरॉन घातला तरी ती सीमा सांभाळली जाते. म्हणजे ज्या मँगनीजनं सीमा मोडली त्याच मँगनीजनं ती सावरली, फरक काय तर किती अंश आणि किती वेळ. आता विचार करा, मोठा चार्ज भट्टीत आहे, मधल्या ढिगातले पार्ट हळू थंड होतायत आणि त्या ४५० च्या आसपास निवांत रेंगाळतायत, वरचे पार्ट मात्र पटकन थंड झाले. एकाच लॉटमधी दोन प्रकारचा माल, सर्टिफिकेट एक.

हे मी का सांगायलोय, तर आपल्या भागात गाड्यांचं काम वाढायलंय म्हणून. बजाज वाळूजला आल्यापासून हजारो पोरांचं पोट त्यावर चाललं, टोयोटा किर्लोस्करनं २०२४ मधी राज्य सरकारसोबत करार केलाय, बिडकीन-शेंद्र्याच्या बातम्या तुम्हीच छापता. आज हॉट स्टॅम्पिंगचे पार्ट बोरॉन स्टीलचे असतात, ९०० च्या वर तापवून डायमधीच (साच्यातच) क्वेंच म्हणजे झटक्यात थंड करायचे, १५०० मेगापास्कल मिळते पण लांबणं सहा-सात टक्के. मीडियम मँगनीजला तेच काम शंभरेक अंश कमी तापवून करता येतं, वीज वाचते, स्केल कमी येते. हे पार्ट उद्या आपल्याकडं जॉब वर्कला आले तर आपण तयार आहोत का.

मला विचाराल तर नाही. माझ्या अनुभवात कितीतरी छोट्या शॉपमधी भट्टीच्या दारापाशी आणि मागच्या भिंतीपाशी चांगला ३०-४० अंशाचा फरक असतो. थर्मोकपल (टेंपरेचर मोजायची तार) एकच, तो पण कधी बदलला कुणाला आठवत नाही, आणि ऑपरेटर अजून रंग बघून सांगतो की झाला माल. साध्या हार्डनिंगला हे खपून जातं कारण तिथं पट्टी रुंद आहे. मी एका ठिकाणी (नाव घेत नाही) बघितलंय की भट्टीचं टेंपरेचर नोंदवणाऱ्या चार्ट रेकॉर्डरची सरळ रेघ आधीच काढून ठेवलेली होती, ऑडिट आलं की फाइलला लावायची. सीक्यूआय-९ चं (गाडीच्या पार्टांच्या हीट ट्रीटमेंटचं) ऑडिट देणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. त्यात रात्री लाइट गेली, भट्टी दोनशे अंश खाली आली, परत वर नेली आणि माल पुढं ढकलला, ह्या प्रकाराला मीडियम मँगनीजमधी माफीच नाही.

जालन्याच्या मालकांनी पण ह्याच्या मागं एकदम धावू नये असं माझं मत. इंडक्शन फर्नेसमधी भंगार आणि स्पंज आयर्न वितळवतो तेव्हा फॉस्फरस बाहेर काढायची सोय फारशी नसते, भंगारातून तांबं आणि कथिल येतं ते तसंच राहतं, आणि फॉस्फरस कणांच्या सीमेवर बसायला मँगनीजचा जोडीदारच. शिवाय भट्टीच्या आतलं सिलिकाचं अस्तर (रॅमिंग मास) असतं, ते मँगनीजच्या ऑक्साइडनं खाल्लं जातं, लाइनिंग किती हीट, म्हणजे किती घाणे, टिकेल ह्याचा नेम नाही, मॅग्नेशियावालं लाइनिंग लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. म्हणून गाडीचं पत्रं हे काही आपलं पहिलं पाऊल नाही, ते मोठ्या मिलांनी करावं. आपलं पहिलं पाऊल झिजणाऱ्या पार्टांचं आहे. रोटाव्हेटरची पाती, नांगराचे फाळ, साखर कारखान्यातले उसाचे हॅमर, क्रशरचे लायनर. हॅडफिल्डच्या पोलादाला कडक व्हायला जबर मार लागतो, क्रशरच्या जॉ मधी तो मिळतो, पण रोटाव्हेटरच्या पात्याला माती नुसती घासते, तिथं हॅडफिल्ड मऊच राहून झिजतो. अशा ठिकाणी ५-८ टक्के मँगनीजचं, हवेतच कडक होणारं आणि मग ६०० च्या पुढं नीट शेकलेलं पोलाद आपल्या फाउंड्रीवाल्यांनी करून बघायला काय हरकत आहे. बाहेर ह्यावर काम चालूच आहे. आणि मँगनीज काय परदेशातून आणायचंय का, नागपूर-भंडाऱ्याला खाणी आहेत, मनसर, कांद्री, गुमगाव, डोंगरी बुजुर्ग, शंभरावर वर्षं तिथं काम चालूय, १८९६ मधी सुरू झालेली आणि आज जिला मॉइल म्हणतात ती कंपनी नागपूरचीच. आपल्याच राज्याचा माल आपल्या शेजारून रेल्वेनं निघून जातो.

अडतं कुठं, तर मोजण्यात आणि माणसात. धातुशास्त्राची डिग्री घ्यायची म्हणलं की आपली पोरं पुण्याच्या सीओईपीला नाहीतर नागपूरच्या व्हीएनआयटीला जातात आणि ती तिकडून परत येत नाहीत, का येतील, इथं त्यांना लॅबमधी हार्डनेस मोजायला बसवतात. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथलं हीट ट्रीटमेंटचं काम चांगलं आहे, विद्यापीठ आहे, नांदेडला एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेज आहे, जालन्याला आयसीटीचं (मुंबईच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेचं) कॅम्पस आलंय. ह्या सगळ्यांनी मिळून एक डायलॅटोमीटर आणि एक एक्स-रे डिफ्रॅक्शन मशीन छोट्या शॉपवाल्यांना परवडेल अशा फीमधी खुली करून द्यावी एवढंच म्हणणं आहे. डायलॅटोमीटर म्हणजे पोलादाचा छोटा तुकडा तापवताना किती फुगतो ते बघायचं मशीन, त्यावरून ऑस्टेनाइट कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते कळतं, म्हणजे आपल्या त्या हीटला ६४० ला शेकायचं की ६८० ला हे अंदाजानं ठरवावं लागत नाही. आज असली टेस्ट करायची तर सॅम्पल कुरियरनं पुणे-मुंबईला जातं, रिपोर्ट येईपर्यंत तो लॉट डिस्पॅच होऊन जातो, मग रिपोर्ट फाइलला लावायचा.

उद्योजक संघटनांना पण सांगणं आहे. दरवर्षी प्रदर्शन भरवता, मंत्री येतात, रिबन कापतात, सगळं छान आहे. एक दिवस नुसता भट्टीवर ठेवा. ऑपरेटर लोकांना बोलवा, मालकांना नाही. भट्टीत नऊ ठिकाणी थर्मोकपल बांधून टेंपरेचर कसं पसरतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवा, पास झालेला आणि फेल झालेला पार्ट मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवा. मी स्वतः येऊन सॅम्पल मोल्ड-पॉलिश करून द्यायला तयार आहे, मानधन नको, चहा चालेल.

तुमच्याकडून एवढीच अपेक्षा की उद्योग पानावर जमीन किती एकर आणि गुंतवणूक किती कोटी ह्याच्या जोडीला तो कारखाना कुठलं पोलाद वापरणार, त्याची हीट ट्रीटमेंट इथं होणार की बाहेरून होऊन येणार, हे पण तुमच्या बातमीदारानं विचारावं. उत्तर बाहेरून असं आलं तर तेही छापा.

पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर हॅडफिल्ड आणि हाँगकाँग कापा, ४५० अंशाचं तेवढं राहू द्या, आमच्या शॉपच्या नोटीस बोर्डावर लावायचंय.

आपला,
एक वाचक,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर